चारच तर चौकोन

कानाच्या दवाखान्यात येणारे लोक तिला बीपबाई म्हणत. तोंडावर नाही, बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. डॉक्टरांना लोक नुसतं डॉक्टर म्हणत. टोपणनाव पडावं इतकी छाप त्या भल्या माणसाची कुणावर पडली नव्हती.

तिचं काम कान तपासायचं. माणसाला आवाजबंद कप्प्यात बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि दम भरायचा, "बीप ऐकू आली की दाबा. नाही आली तर दाबू नका. माझ्यावर उपकार म्हणून तर अजिबात दाबू नका." मग काचेच्या या बाजूला बसून ती एकेक सूर सोडायची. आत बटण दाबलं की तिच्यासमोर एक दिवा लागे. सूर बारीक करत न्यायचा, दिवा लागायचा थांबला की कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा रेषेने जोडल्या की झाला आलेख. सरळ भाषेत सांगायचं तर समोरच्या माणसाचं काय काय ऐकायचं राहून गेलं, त्याचं चित्र.

आता हा आलेख म्हणजे एक नंबरचा लबाड. एक तर उलटा. वर असेल ते चांगलं, खाली घसरेल ते वाईट. त्यातून त्याचे चौकोन दिसतात सारखे, पण असतात भलतेच. एक चौकोन खाली उतरलं की आवाजाची ताकद दहापट. दोन उतरलं की शंभरपट. तीन म्हणजे हजारपट. आडव्या रेषेवरही तीच चलाखी. घोगऱ्या आवाजापासून चिरक्या आवाजाकडे जाताना प्रत्येक पायरीला आकडा दुप्पट होतो, आणि पायऱ्या मात्र सारख्याच रुंदीच्या काढलेल्या.

लोक कागद बघायचे, बोटाने चौकोन मोजायचे आणि हुश्श करायचे. "तीनच तर खाली आहे! एकूण बारा आहेत. पाव कान गेला म्हणायचा, पाऊण आहे की!"

हे ऐकलं की बीपबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. "अहो, हे काय पोळपाटावर मोजून कापलंय का? पाव न् पाऊण! इथे प्रत्येक पायरीला दहाने गुणायचं असतं. तुम्हाला नीट ऐकू यायला हजारपट ताकदीचा आवाज लागतोय. हजारपट!"

"मग असा फसवा कागद काढता कशाला?" एका निवृत्त पोस्टमास्तरांनी एकदा विचारलं होतं.

"कारण कानच तसा आहे," ती म्हणाली. "कानाला पुटपुटणंही ऐकू येतं आणि कारखान्याचा भोंगाही. बारीकातला बारीक आवाज आणि कान फाडणारा आवाज, यांच्या ताकदीत दहा लाखाच्या दहा लाखपट फरक असतो. साध्या मापाने, सेंटिमीटरच्या चौकोनांनी काढायला गेलं तर कागद चंद्राच्या पलीकडे जाईल. तुम्ही धराल का त्याचं दुसरं टोक?"

पोस्टमास्तर कागद घडी करून गेले. डॉक्टर आतून म्हणाले, "बाई, जरा गोड बोलत जा." बीपबाई म्हणाली, "गोड बोलले तर ऐकू येत नाही त्यांना, म्हणून तर आलेत इथे." डॉक्टरांनी पुढचा कागद ओढून सही केली. सह्या ते झोकात करायचे, आणि तिने काढलेल्या आलेखावर न बघता करायचे, इतका तिच्यावर विश्वास.

अशा या बाईचा नवरा क्रेन चालवायचा.

शहराच्या टोकाला लोखंडी पाइपांचं मोठं गोदाम होतं, तिथे. उंच शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि हत्तीच्या पायासारखे जाडजूड पाइप उचलून या ढिगावरून त्या ढिगावर ठेवायचे. निम्मं आयुष्य त्याने त्या केबिनमध्ये काढलं होतं. तिथे वर कुणी येत नसे, ना साहेब, ना साहेबाचा साहेब. खालून शिट्टीवाला हातवारे करी आणि शिट्टी वाजवी. एक लांब शिट्टी म्हणजे उचल, दोन म्हणजे ठेव, आणि तुटक तुटक सलग म्हणजे असशील तिथे थांब. एवढंच काय ते त्याचं जगाशी बोलणं. हा मनुष्य त्यात सुखी होता. उद्या कुणी त्याला मॅनेजर केलं असतं तरी त्याने आधी विचारलं असतं, शिडी आहे का.

गोदामाचा नियम असा की क्रेनवाल्याने दरवर्षी कान तपासून कागद आणायचा. दवाखान्याचा नियम असा की घरच्या माणसाची तपासणी घरच्या माणसाने करायची नाही. बीपबाईने हा दुसरा नियम पहिल्याच वर्षी धाब्यावर बसवला. "दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ? ते घाईघाईत उरकतात," असं तिचं म्हणणं. त्यामुळे नवऱ्याचा आलेख दरवर्षी तीच काढायची. आणि काय आलेख यायचा! सगळे गोल, सगळ्या फुल्या वरच्या दोन चौकोनांत, दोरीवर वाळत घातल्यासारख्या. त्याच्या वयाच्या इतर क्रेनवाल्यांच्या आलेखांना चार हजारांच्या चिरक्या सुरापाशी हमखास खड्डा पडलेला असे. यंत्रांच्या गोंगाटात राहणाऱ्यांचा कान आधी तिथेच पोखरतो. नवऱ्याच्या कागदावर खड्डा औषधालाही नाही. ती तो कागद धाकट्या बहिणीलाही फोटो काढून पाठवायची.

घरात मात्र हाच सोन्याचा कान बायकोला जुमानत नव्हता. ती स्वयंपाकघरातून काही बोलली की बाहेरच्या खोलीतून उत्तर नाही. दुसऱ्यांदा बोलली की "अं?" तिसऱ्यांदा बोलली की "ओरडतेस कशाला?" टीव्ही इतका मोठा की शेजाऱ्यांना आपला लावायची गरज पडत नसे. ती बहिणीला फोनवर म्हणायची, "कान तपासलेत गं मी स्वतः, घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येईल त्यांना. ऐकू सगळं येतं. माजलेत, बाकी काही नाही."

आणि मग ती स्कूटरची भानगड झाली.

पाइपांची मोळी क्रेनला लटकत होती. खाली सुपरवायझरने आपली नवीकोरी स्कूटर सावली बघून नेमकी ढिगाशेजारी लावली होती. शिट्टीवाल्याने तुटक शिट्टी मारली. मोळी खाली येतच राहिली. त्याने पुन्हा मारली, गाल फुगवून मारली, आणि मग शिट्टी तोंडातच ठेवून बाजूला उडी मारली. मोळी स्कूटरवर टेकली. स्कूटर कागदासारखी झाली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून गोदामातले लोक आठवडाभर सुपरवायझरचा चेहरा आठवून हसले. शिट्टीवाला तेवढा हसला नाही. तो जिथे उभा होता ती जागाही मोळीखालीच आली होती.

साहेबाने क्रेनवाल्याला केबिनमधून उतरवून खाली बसवलं आणि सांगितलं, नवीन तपासणी करून आण. कागद चांगला आला तर वर, नाहीतर कायमचा खाली.

"तो शिट्टीवाला हल्ली जीव लावून फुंकतच नाही," घरी आल्यावर नवरा म्हणाला. "आळशी झालाय. तू कागद दे, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील."

"देते की," ती म्हणाली. "दवाखान्यातला सगळ्यात चांगला आलेख आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टर जेवायला गेलेले असताना, तिने त्याला कप्प्यात बसवलं. इथे एक सांगायला हवं. बाकी सगळ्या पेशंटांना ती खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसवायची. तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, हा या धंद्यातला पहिला धडा. नवऱ्याला मात्र ती काचेकडे तोंड करून बसू द्यायची. पहिल्याच वर्षी तो म्हणाला होता, "त्या डब्यात मला कोंडल्यासारखं होतं. तुझा चेहरा दिसला की बरं वाटतं." आता इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने असं वाक्य एकदाच म्हटलेलं असलं, तर कुठली बायको खुर्ची फिरवेल? तिने आपले हात टेबलाच्या फळीआड ठेवले आणि नियम पाळल्याचं समाधान मानून घेतलं.

तपासणी सुरू झाली. सूर, दिवा. सूर, दिवा. सूर बारीक, तरी दिवा. ती मनात म्हणाली, हा काय बहिरा आहे? डोळे मिटून सांगते, शिट्टीवाल्याचीच चूक.

तेवढ्यात एक माशी आली आणि तिच्या भुवईवर बसली.

तिचे दोन्ही हात यंत्रावर होते. तिने माशी उडवायला भुवई उडवली. सूर सोडलेलाच नव्हता. दिवा लागला.

तिने दिव्याकडे पाहिलं, मग काचेतून नवऱ्याकडे. तो शहाण्या मुलासारखा बसून तिच्याकडे बघत होता. तिने यंत्रावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि जाणूनबुजून भुवई उडवली. दिवा लागला. पुन्हा उडवली. दिवा. मग तिने भुवई दगडासारखी ठेवली आणि चार हजारांचा सूर सोडला, चांगल्या कानाला सहज ऐकू जाईल इतका. दिवा ढिम्म.

म्हणजे गेली कित्येक वर्षं ती नवऱ्याचा कान तपासत नव्हती. आपल्याच भुवईचा आलेख काढत होती. सूर सोडताना भुवई वर जाते हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. माहीत होणार कसं, बाकी सगळे पेशंट भिंतीकडे बघत बसलेले!

ती उठली, कप्प्याचं दार उघडलं, त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि दार लावून घेतलं. या खेपेला दिवा लागेपर्यंत ती सूर वाढवत वाढवत गेली. घोगऱ्या सुरांना ठीक होतं. पुढे गोल घसरले, फुल्या घसरल्या, आणि चार हजारांच्या रेषेवर दोन्ही खुणा जाऊन पडल्या त्या थेट पासष्ट डेसिबलवर. एका चौकोनाला दहा डेसिबल, आणि पंचवीसपर्यंत चांगला कान. तिथून खाली चार चौकोन.

ती त्या कागदाकडे बघत बसली. आणि तिच्या मनात जे पहिलं वाक्य आलं ते असं: चारच तर आहेत.

जगभरच्या लोकांना ज्यावरून झापलं, तेच वाक्य, अगदी त्याच सुरात. पुढचं तर त्याहून वाईट. कागदावर चार चौकोन म्हणजे केवढी जागा? तिचा अंगठा ठेवला की खड्डा झाकला जात होता. खुणा अंगठाभर वर सरकवायच्या, बस. डॉक्टर सही करतील, बघणारसुद्धा नाहीत. नवरा शिडी चढून वर जाईल. केबिनमधून उतरवलेला तो माणूस कालपासून सोफ्यावर पडून छताकडे बघत होता, आणि ते तिला बघवत नव्हतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, ही गोष्ट तिने कबूल केली नसती, पण होतं. तिने कोरा कागद पुढे ओढला. लाल पेन उचललं.

नवरा कप्प्यातून बाहेर आला. त्याने तिच्या खांद्यावरून खरा आलेख पाहिला. तिचा चेहरा पाहिला. चेहरे वाचण्यात तो किती पटाईत होता हे तिला आता कळलं होतं. "भुवईचं लक्षात आलं वाटतं तुझ्या," तो म्हणाला.

"फसवलंत मला."

"केबिन गेली असती गं." त्याने बोट कागदावर ठेवून मोजलं. "आणि एवढं काय आहे? एक, दोन, तीन, चार. चारच तर चौकोन! तो शिट्टीवाला चारपट जोराने फुंकेल. मी सांगतो त्याला."

चारपट! बीपबाईने लाल पेन टेबलावर आपटलं. राग नवऱ्याचा नव्हता. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, ती स्वतः याच्याइतकीच गाढव झाली होती, त्याचा होता.

"चपला घाला," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमची फुली कुठे पडते ते दाखवते. साध्या कागदावर."

तिने त्याला आलेखाच्या टेबलापाशी उभं केलं आणि फरशीवर चपलेने रेघ ओढली. "ही चांगल्या कानाची रेघ. अशा माणसाला ऐकू यायला जेवढी ताकद लागते ती आपण नखाएवढी धरू. सेंटिमीटरभर. आता दहापट झाली, की दहा सेंटिमीटर. हा एक चौकोन झाला तुमचा." ती अर्धी वीत सरकली. "शंभरपट. एक मीटर. दोन झाले." ती दारापाशी आली. "हजारपट. दहा मीटर." तिसऱ्या चौकोनासाठी ते बाकड्यावरच्या पेशंटांसमोरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालले. पेशंट माना वळवून बघत राहिले. नवऱ्याला वाटलं, संपलं.

"झालं ना?" तो म्हणाला.

"अजून एक आहे."

पायऱ्या उतरल्या. औषधाचं दुकान गेलं. झेरॉक्सवाला गेला, चष्म्याचं दुकान गेलं. रस्ता ओलांडला. नवरा दोनदा थांबला आणि दोनदा ती दंडाला धरून त्याला पुढे घेऊन गेली. बस थांब्याच्या खांबापाशी ती उभी राहिली.

"शंभर मीटर," ती म्हणाली. "इथे तुमची फुली."

तो वळला. दवाखान्याचं दार आगपेटीएवढं दिसत होतं. मघाची रेघ त्या दाराच्याही आत कुठेतरी होती.

"एवढं?"

"दहा हजारपट. आणि शिट्टीवाल्याला फुप्फुसं दोनच आहेत."

त्याने दारापासून खांबापर्यंतचं अंतर पुन्हा नजरेने मोजलं. मग त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, कारण त्याला ती मोळी दिसली असावी. "तो शिट्टीमुळे नाही वाचला," तो म्हणाला. "उडी मारली म्हणून वाचला. मी थांबलोच नव्हतो."

"नाही थांबलात."

"खराच कागद दे त्यांना." त्याने खांबाला हात टेकला. "मी खाली काम करीन. काहीतरी देतील. कानात ते यंत्र घालीन, जे म्हणशील ते घालीन." एवढं बोलून झाल्यावर तो म्हाताऱ्यासारखा थांब्याच्या बाकावर बसला. ती शेजारी बसली. बाकावरच्या दोघातिघांनी सरकून जागा दिली आणि कान टवकारले. त्यांचे कान उत्तम होते.

"एक विचारू?" नवरा म्हणाला. "नेमकं काय काय गेलंय माझं?"

"चिरके आवाज. शिट्टी. पाखरं. लहान मुलं. बायकांचं बोलणं, हळू बोलल्या तर."

"म्हणजे तुझं."

"मी कुठे हळू बोलते?" ती म्हणाली, आणि बाकावरचं कुणीतरी हसलं. नवराही हसला. पण ती हसली नाही, कारण आपण एकदा हळू बोललो होतो हे तिला आठवलं.

तिची आई गेली त्याच्या पंधरा-वीस दिवसांनी. सकाळी तो पाठमोरा बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. ती त्याच्या मागे उभी होती. सगळ्या आयुष्यात एकदाच तिचा आवाज फुटेना, आणि ती कशीबशी म्हणाली होती, आज जाऊ नका ना, मला एकटीला घरात भीती वाटते. त्याने दुसऱ्या नाडीची गाठ मारली, डबा उचलला आणि तो निघून गेला. मागे वळून बघितलंही नाही. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी गोड बोलणं सोडलं. दगडाशी काय गोड बोलायचं? भांडण कधी काढलं नाही तिने त्यावर. नुसतं ठेवून दिलं मनात, आणि त्यानंतर जे जे बोलली ते ओरडूनच बोलली.

"त्या सकाळी," ती म्हणाली. रहदारी होती म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. "आई गेल्यानंतर. तुम्ही बूट घालत होतात. मी म्हणाले, आज जाऊ नका. मला भीती वाटते म्हणाले."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. भुवईकडे नाही, ओठांकडे. वाक्य संपलं तरी बघतच राहिला.

"तू असं म्हणालीस?"

"हो."

"आणि मी गेलो?"

"हो."

बस आली. बाकावरचे लोक उठले, पण चढायला कुणी घाई केली नाही. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. दुसरी घंटी झाली तेव्हा क्रेनवाल्याने बायकोचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो, आपल्याला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, म्हणजे अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "आज नाही जात मी कुठे."